संगणकाची भाषा आणि पुऱ्या मापाची शिकवण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही पालकांना वाटले असेल की, हा विषय फक्त संगणकाच्या वर्गातील मुलांचा आहे, आपण आपले चहाची वाट पाहावी. सी भाषेतील अ‍ॅरे सुरक्षित राहावा म्हणून खुद्द कंपायलरमध्येच कोणत्या सोयी असाव्यात, हा तो विषय. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे, अभियंता नाही. परंतु या विषयाचा गाभा कोणत्याही किराणा दुकानदाराला समजेल इतका सरळ आहे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचे माप त्याच्याबरोबर गेले पाहिजे. माप मागे राहिले की घोटाळा झालाच म्हणून समजा. माप पुरे द्यावे, तराजू सरळ धरावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. संगणकाच्या जगात ती कुठे सुटली आणि ती पुन्हा बसवण्यासाठी काय चालले आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली, तरी तिचे राज्य संपलेले नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या पायावर उभा आहे आणि लिनक्सचा गाभा मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. तेव्हा फोनवरून आपण पैसे पाठवतो किंवा मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहतो, त्या वेळी आपण याच भाषेवर विसंबून असतो. म्हणून या भाषेतला दोष हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहत नाही.

कंपायलर म्हणजे काय? माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याला दुभाष्या म्हणा. चांगला दुभाष्या केवळ शब्द बदलत नाही. बोलणाऱ्याच्या वाक्यात काही विसंगत दिसले तर थांबून विचारतो. वाईट दुभाष्या जे कानावर पडेल ते पुढे ढकलून मोकळा होतो. आजचा आपला प्रश्न एका अर्थी हाच आहे, की दुभाष्या किती चौकस असावा?

आता अ‍ॅरे. समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे गुण ठेवायचे आहेत. संगणकाच्या स्मरणात आपण एकाला एक लागून ४० खण मागतो. या खणांच्या रांगेला अ‍ॅरे म्हणतात. सी भाषेत खणांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. पहिला खण ०, शेवटचा ३९. चाळीस क्रमांकाचा खण नसतोच. नवशिका विद्यार्थी पहिली ठेच इथेच खातो.

हे शून्यही आपल्या परिचयाचे आहे. भारतात रूढ झालेल्या शून्याला अरबांनी सिफ्र म्हटले आणि त्याच शब्दावरून पुढे युरोपात झीरो आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा हे नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांनी लिहून ठेवले. त्यांच्याच नावावरून अल्गोरिदम हा शब्द निघाला. या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु नुसत्या अभिमानाने आजचा एकही खण मोजला जात नाही. ते काम आजच्या मुलांनीच करावयाचे आहे.

तर आपले ४० खण. आजच्या नेहमीच्या संगणकांवर एका पूर्णांकाला ४ बाइट जागा लागते, म्हणजे ४० खणांना १६० बाइट. सी भाषेत साइझऑफ नावाची सोय आहे. ती वस्तूने किती जागा व्यापली हे सांगते. पूर्ण रांगेची जागा १६०, एका खणाची ४. भागाकार केला की ४० हे उत्तर मिळते. येथपर्यंत सर्व ठीक आहे, कारण रांग जिथे मांडली तिथे कंपायलरला तिची लांबी ठाऊक असते.

घोटाळा पुढे होतो. या गुणांची सरासरी काढण्यासाठी आपण वेगळे फंक्शन लिहितो आणि ती रांग त्याच्याकडे पाठवतो. त्या क्षणी सी भाषा रांग पाठवत नाही. फक्त पहिल्या खणाचा पत्ता पाठवते. अशा पत्त्याला पॉइंटर म्हणतात. खण किती, ही माहिती फंक्शनच्या उंबऱ्याबाहेरच गळून पडते. आता फंक्शनच्या आत तोच भागाकार करून पाहा. साइझऑफ आता पत्त्याची जागा सांगते, आणि आजच्या ६४ बिट यंत्रांवर पत्ता ८ बाइटचा असतो. आठ भागिले चार, उत्तर दोन! चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी पहिल्या दोन मुलांच्या गुणांवर निघते. यंत्र बंद पडत नाही, घंटा वाजत नाही. पडद्यावर एक नीटनेटका आकडा येतो आणि तो खोटा असतो. प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा असा खोटा आकडा अधिक घातक, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो.

याच्या उलट चूक आणखी गंभीर. फंक्शनला खण ४५ आहेत असे कोणी सांगितले, तर ते बिनदिक्कत चाळिसाच्या पलीकडे जाऊन वाचते किंवा लिहिते. पलीकडे काय आहे? दुसऱ्या कोणाची तरी माहिती. सी भाषेचे मानक अशा वेळी काय व्हावे याबद्दल कोणतेही बंधन घालत नाही. कदाचित काहीच दिसणार नाही. कदाचित शेजारचा आकडा बदलेल. कदाचित प्रोग्राम कोसळेल. आज काही झाले नाही म्हणून उद्याही होणार नाही, असे समजू नये.

मंडळी, ही शंका केवळ पुस्तकी नाही. दोन प्रसंग सांगतो. पहिला नोव्हेंबर १९८८ चा. अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर स्वतःच पसरत गेला. पसरण्याच्या त्याच्या मार्गांपैकी एक असा होता: एका सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटची जागा ठेवली होती आणि मजकूर घेण्यासाठी सी भाषेतील गेट्स हे फंक्शन वापरले होते. गेट्सला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नाही. ते येईल तेवढे आत घेते. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट जागेबाहेर सांडले आणि त्या सांडलेल्या भागानेच यंत्राचा ताबा मिळवून दिला. सुमारे सहा हजार संगणकांना फटका बसला, असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. पोत्यात मावेल तेवढेच धान्य ओता, एवढा नियम पाळला गेला नाही, त्याचे हे फळ.

दुसरा प्रसंग एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. त्याचे नाव हार्टब्लीड. इंटरनेटवरील मजकूर गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामात हा दोष होता. एक संगणक दुसऱ्याला म्हणतो, "हा माझा शब्द, तो इतक्या लांबीचा आहे, तो मला परत पाठव." शब्द पाठवला एका अक्षराचा आणि लांबी सांगितली ६४ हजारांच्या घरातली, तरी समोरचा संगणक सांगितलेली लांबी खरी मानून तेवढी माहिती परत देत असे. शब्दाच्या पलीकडे स्मरणात जे काही असेल, कोणाचा पासवर्ड, कोणाची गुप्त किल्ली, तेही बरोबर जाई. येथे लिहिताना नव्हे, वाचताना सीमा ओलांडली गेली. दोष एकच: आलेल्या मालाचे माप कोणी पडताळले नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये सांगितले की, दरवर्षी ती सुरक्षिततेचे जे दोष दुरुस्त करते त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्मरणाच्या अशा गैरवापराचे असतात. त्यात अ‍ॅरेच्या सीमा ओलांडण्याबरोबर इतर प्रकारही येतात. परंतु रोग किती जुना व किती पसरलेला आहे हे यावरून ध्यानात येईल.

मग रिचींसारख्या बुद्धिमान माणसाने अशी भाषा का केली? न्यायाने बोलायचे तर त्या काळाकडे पाहिले पाहिजे. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे काम सुरू झाले, त्याचे स्मरण अवघे २४ हजार बाइटच्या आसपास होते. आज फोनने काढलेल्या एका साध्या फोटोला त्याच्या शंभरपट जागा लागते. तिथे प्रत्येक रांगेबरोबर तिची लांबी वागवणे चैनीचे वाटले असणार. आणि रिचींना हा प्रश्न कळत नव्हता असेही नाही. १९९० मध्ये त्यांनी स्वतःच लांबी सोबत बाळगणाऱ्या पॉइंटरचा प्रस्ताव मांडला होता. भाषेने तो स्वीकारला नाही.

तथापि, दुसरा मार्ग त्याही आधी उपलब्ध होता. इंग्लंडमध्ये टोनी होअर यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इलियट ८०३ या लहानशा यंत्रासाठी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर केला. त्यात खणाचा प्रत्येक क्रमांक सीमेत आहे की नाही हे प्रोग्राम चालताना तपासले जाई. पुढे त्यांनी ग्राहकांना विचारले की, वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी आहे काय? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हणून सांगितले. ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या १९८० च्या भाषणात होअर यांनी ही हकीकत सांगितली आणि इतक्या वर्षांनंतरही भाषा करणाऱ्यांनी हा धडा घेतला नाही, याची खंत व्यक्त केली. ज्यांचे काम यंत्रावर अवलंबून होते, त्यांना वेगापेक्षा खरेपणा महत्त्वाचा वाटला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ मुद्दा. सी भाषा टाकून देणे शक्य नाही, कारण तिच्यात लिहिलेले कोट्यवधी ओळींचे प्रोग्राम आज चालू आहेत. तेव्हा उपाय दुभाष्याच्या ठिकाणी शोधावा लागतो. कंपायलर करणारे त्यात काही अंगभूत सोयी बसवतात. इंग्रजीत त्यांना बिल्ट-इन म्हणतात. बाहेरच्या फंक्शनला फक्त पत्ता दिसतो. अंगभूत सोयीला कंपायलरच्या डोक्यात असलेली सर्व माहिती दिसते. अशी सोय कशी असावी, यासाठी मला चार नियम दिसतात.

पहिला नियम: ठाऊक नसेल तर नाही म्हणावे, खोटे उत्तर देऊ नये. मघाशी आपण पाहिलेला भागाकार पत्त्यावरही चालतो आणि दोन हे उत्तर देतो, हाच त्याचा दोष. यावर उपाय म्हणून सी भाषेच्या पुढील मानकाच्या मसुद्यात २०२५ साली काउंटऑफ नावाची सोय स्वीकारली गेली. तिला खरी रांग दिली तर ती खणांची संख्या सांगते. नुसता पत्ता दिला तर कंपायलर काम थांबवून चूक दाखवतो. एवढासा बदल, परंतु खोटा आकडा बाहेर पडण्याचा रस्ताच बंद झाला.

दुसरा नियम: जे कंपायलरला आपोआप कळू शकते ते त्याने स्वतः शोधावे. जीसीसी या कंपायलरमध्ये ऑब्जेक्ट-साइझ नावाची अंगभूत सोय बरीच वर्षे आहे. एखादा पत्ता कोठून आला याचा माग काढून त्या पत्त्यापुढे किती बाइट शिल्लक आहेत हे ती सांगते. तिच्या जोरावर मजकूर नकलणारी नेहमीची फंक्शने तपासणीसह वापरता येतात. जागा ५० बाइटची आणि मजकूर ६० चा, असे आढळले की प्रोग्राम तिथेच थांबतो. माग लागला नाही तर ही सोय तसे सूचित करणारा ठरावीक आकडा देते, अंदाज सांगत नाही.

तिसरा नियम: जे कंपायलरला कळणे शक्य नाही, ते माणसाने एकदा लिहून द्यावे आणि कंपायलरने ते कायम लक्षात ठेवावे. यासाठी काउंटेड-बाय नावाची खूण निघाली. एखाद्या नोंदीत शेवटी खणांची रांग असते आणि त्याच नोंदीत दुसऱ्या जागी त्यांची संख्या लिहिलेली असते. या रांगेचे माप त्या जागी आहे, असे ही खूण कंपायलरला सांगते. पोत्यावर वजनाची चिठ्ठी शिवून टाकावी, तसे हे आहे. क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांच्या २०२४ व २०२५ च्या आवृत्त्यांत ही सोय आली, आणि लिनक्सच्या गाभ्यात त्या खुणा घालण्याचे काम २०२३ पासूनच सुरू झाले होते. यात एक शिस्त पाळावी लागते: आधी संख्या लिहावी, मगच खणांना हात लावावा. चिठ्ठी कोरी असताना पोते उघडले तर तपासनीस हरकत घेणारच.

चौथा नियम: जुने मोडू नये. प्रत्येक पत्त्याबरोबर त्याची लांबीही ठेवली तर पत्ता आठ बाइटांऐवजी सोळा किंवा अधिक बाइटांचा होतो, आणि जुन्या प्रोग्रामांशी त्याचे जुळत नाही. म्हणून अ‍ॅपल कंपनीच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या योजनेत मधला मार्ग आहे. फंक्शनच्या आतल्या आत पत्ता लांबीसह वागवायचा; बाहेर देवाणघेवाण करताना तो पूर्वीच्याच आकाराचा ठेवून लांबी कोठे आहे याची खूण द्यायची. तपासणीचा खर्चही वाटतो तितका नसतो. फेरा ० ते ३९ असाच फिरणार हे कंपायलरला सिद्ध करता आले, तर चाळीस वेळा तपासण्याची गरजच राहत नाही.

या सर्व सोयींमध्ये एक समान तत्त्व आहे. सीमा ओलांडली जात आहे असे दिसताच प्रोग्राम थांबतो. कोणी म्हणेल, चालता प्रोग्राम बंद पडणे हे नुकसान नव्हे काय? नुकसान आहेच. परंतु रोकड जुळत नसताना दुकानाचे शटर खाली ओढून हिशेब पाहणारा मालक शहाणा, की गल्ला उघडा टाकून विक्री चालू ठेवणारा?

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर वजनच चुकीचे लिहिले तर ती सोय काय करणार? परत केलेली जागा पुन्हा वापरण्याची चूकही या खुणांनी पकडली जात नाही. म्हणून नवे काम रस्टसारख्या भाषांत करावे, असा आग्रह वाढतो आहे आणि तो योग्यच आहे. परंतु दुसरीकडे जाणाऱ्यालाही सी मध्ये हे का बिघडले ते माहीत असले, तर तो त्या भाषेचे मोल जाणेल.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी दोन शब्द. आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत टर्बो सी हा १९८७ साली बाजारात आलेला कंपायलर वर्षानुवर्षे वापरला गेला, आणि गेट्स हे फंक्शन आजही अनेक वह्यांत दिसते. ज्या गेट्समुळे १९८८ चा तो प्रसंग घडला, ते २०११ च्या मानकातून काढून टाकण्यात आले आहे. तुमच्या वहीत ते असेल तर त्या ओळीवर काट मारा आणि एफगेट्स लिहा; त्याला जागेचे माप सांगावे लागते. फंक्शनला रांग द्याल तेव्हा तिची लांबीही सोबत द्या. कंपायलरच्या सर्व सूचना चालू ठेवा. मघाचा आठ भागिले चारचा घोटाळा आजचे कंपायलर बहुतेक वेळा सूचना देऊन दाखवतात, पण सूचना वाचायची कोणी? सराव करताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर वापरा. त्याने प्रोग्राम सुमारे दुप्पट सावकाश चालतो, पण चाळीस क्रमांकाचा खण उघडलात की ओळीच्या क्रमांकासह सांगतो. जीसीसी आणि क्लँग दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यांची मूळ प्रतही खुली आहे. ती वाचायला कोणाची शिफारस लागत नाही, आणि सुधारणा पाठवली तर पाठवणाऱ्याचे गाव किंवा घराणे न पाहता ती तपासली जाते. प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे, हा समज मात्र मनातून काढून टाका.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणक शिकते म्हटल्यावर आपण विचारतो, कोर्स किती महिन्यांचा, प्रमाणपत्र मिळणार का, नोकरी लागेल का? हे प्रश्न रास्त आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही फी पोटाला चिमटा घेऊन भरली जाते, हे मला माहीत आहे. परंतु त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: "बेटा, तू केलेले तपासून पाहिलेस का?" संगणकाचे नाव न घेताही हा प्रश्न विचारता येतो. जी आई घरखर्चाचा हिशेब पैशापैशाने जुळवते, जे वडील गिऱ्हाइकासमोर काटा स्थिर होईपर्यंत थांबतात, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. उद्या हीच मुले कोणाच्या पैशाचा, कोणाच्या औषधाचा, कोणाच्या निकालाचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम लिहितील. ती लोकांची अमानत असेल. तिचे माप कुठेही सुटता कामा नये.